लागणीचा मुहूर्त

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला डांग्या खोकला झाला आणि त्यामुळे आमच्या गल्लीनं माझ्या बहिणीचं लग्न काढलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीसुद्धा त्या वेळी सगळ्यांना हेच विचारत होतो, पण खोकल्यामुळे प्रश्न पुरा होत नव्हता! डांग्या खोकला ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकदा उबळ सुरू झाली की डोळे बाहेर, जीभ बाहेर, तोंड लालबुंद, आणि शेवटी श्वास ओढताना घशातून असा काही 'हूऽऽप' निघतो की ऐकणाऱ्यानं दचकून झाडावर बघावं. त्यातून हा लहान मुलांचा आजार! माझी बायको सुलभा पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, आता गोवर-कांजिण्याही उरकून घेताय का? म्हणजे एकदाचे मोकळे!"

आम्ही तेव्हा चंडीगडला होतो. मी सरकारी नोकरीत, सांगलीहून बदली होऊन आलेला. पंजाबातले ते अतिरेक्यांचे दिवस कसे होते हे मी सांगायला नको. अंधार पडायच्या आत बाजार बंद, नाक्यानाक्यावर वाळूची पोती, आणि ऑफिसला जाताना स्कूटरची डिकी उघडून जवानाला जेवणाचा डबा दाखवायचा. (एकानं माझ्या डब्यातलं थालीपीठ बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं होतं. त्याची चूक नव्हती, सुलूचं थालीपीठ त्या दिवशी खरंच संशयास्पद झालं होतं.) लोक लग्नंसुद्धा दिवसाउजेडी, चार माणसांत, गाजावाजा न करता उरकायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ती ठेवली नव्हती.

शेजारच्या क्वार्टरमध्ये सरदारजी राहायचे. सचिवालयात सुपरिंटेंडेंट, सहा फूट उंच आणि मनानं लोणी. त्यांची बायको म्हणजे आमच्या भाभीजी. 'देशपांडे' हे आडनाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून 'पांडेजी' झालो. देश गेला तो गेलाच. त्यांच्या सुनेला, रूपीला, नुकताच मुलगा झाला होता. पहिले चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही आणि बाहेरच्यानं आत जायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. त्यामुळे आम्ही बाळाला पाहिलं नव्हतं, पण त्याचं रडणं भिंतीतून रोज ऐकू यायचं. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. ते रडायला लागलं की सुलू हातातलं काम थांबवून ऐकत बसायची, आणि खरं सांगायचं तर मीही बसायचो.

खोकला डांग्या आहे हे निदान डॉ. टेंब्यांचं. मूळचे वाईचे, चंडीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात नव्यानं लागलेले, बिनलग्नाचे, आणि म्हणून दर रविवारी आमच्याकडे जेवायला. त्या रविवारी त्यांनी पहिला घास तोंडात घातला, माझी उबळ ऐकली आणि पान बाजूला सारलं.

"देशपांडे, हा डांग्या आहे."

"काय सांगता! मग किती दिवस घरात बसायचं?"

"गोळ्या आजपासून घेतल्यात तर पाच दिवस. नाही घेतल्यात तर तीन आठवडे."

"म्हणजे पाच दिवसांत खोकला जाईल?"

"खोकला कुठला जातोय! तो दोन-तीन महिने मुक्कामाला आहे. जाईल ती लागण. पाच दिवसांनंतर तुम्ही खोकाल, पण दुसऱ्याला लागण देणार नाही. वहिनी, तुम्हीही याच गोळ्या घ्या आणि घरातच थांबा. मीही घेतो." मग त्यांना एकदम आठवलं. "शेजारी बाळ आहे ना? केवढं आहे?"

"महिन्याभराचं असेल."

टेंबे एरवी हसऱ्या तोंडाचा माणूस. पण त्यांचा चेहरा उतरला. "मग नीट ऐका. मोठ्या माणसाला हा नुसता छळतो. पण एवढ्याशा बाळाला खोकतासुद्धा येत नाही हो, त्याचा श्वासच थांबतो. जीव जातो. त्याला अजून लसही मिळालेली नाही. पाच दिवस त्या बाळाला तुमच्या दारापाशी फिरकूसुद्धा द्यायचं नाही. शेजाऱ्यांना आजच सांगा. पाचव्या दिवशी मी येऊन बघतो."

सुलू लगेच पदर खोचून निघाली, "मी भाभीजींना सांगून येते खिडकीतून."

"तू थांब," मी म्हणालो. "हा नाजूक मामला आहे. तुझ्या हिंदीनं काहीतरी घोटाळा होईल. मी सांगतो."

इथं आमच्या दोघांच्या हिंदीबद्दल सांगायला हवं. सुलूचं हिंदी म्हणजे मराठीला 'है'ची शेपटी. 'ये वांगी किडका है क्या?' असं ती भाजीवाल्याला विचारायची, आणि तोही निमूटपणे दुसरं वांगं काढायचा. मी मात्र शाळेत हिंदीत कायम पहिला! वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस! माझं हिंदी ऐकून समोरचे पंजाबी लोक गप्प व्हायचे. ते आदरानं गप्प होतात अशी माझी समजूत होती.

जानेवारीचा महिना, बाहेर धुकं, खिडकीच्या काचा बंद. मी काचेवर टकटक करून भाभीजींना अंगणात बोलावलं. आता अडचण अशी, की 'लागण' याला हिंदीत काय म्हणतात ते मला आठवेना. पण मी डगमगलो नाही. मराठी आणि हिंदी सख्ख्या बहिणी. जरा जोर देऊन म्हटलं की मराठी शब्द हिंदी होतो, हा माझा अनुभव होता.

"भाभीजी, दूर रहो! हमारे घर में लागण हुआ है!"

"की होया?" भाभीजींनी कानाला हात लावला.

"लाग..." (उबळ, डोळे बाहेर, हूऽऽप) "...ण! लागण!"

"लगन?" भाभीजींचा चेहरा उजळला. "वंदना दा?"

वंदना म्हणजे माझी धाकटी बहीण. विद्यापीठात एम.एस्सी. करायची, हॉस्टेलवर राहायची आणि सुट्टीला आमच्याकडे यायची. परीक्षेमुळे ती दोन-तीन आठवडे फिरकली नव्हती. मला वाटलं, भाभीजी काळजीनं तिची चौकशी करतायत. बाई किती प्रेमळ!

"वंदना को हॉस्टेल में ही रखा है! पाँच दिन के बाद लाएंगे!"

"पंजां दिनां विच! हाय रब्बा, एनी छेती?" (छेती म्हणजे लवकर.)

"हाँ, पाँच दिन! तब तक किसी को अंदर नहीं लेने का! किसी को बोल..." इथं पुन्हा उबळ. मला म्हणायचं होतं, 'किसी को बोलाना नहीं', म्हणजे कुणाला बोलवायचं नाही. पण उबळीतून जे उरलं ते 'किसी को बोलना नहीं' एवढंच.

भाभीजींनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मिचकावले आणि माझ्या दिशेनं हवेत एक आशीर्वाद सोडून घरात गेल्या. मी सुलूकडे वळून म्हणालो, "बघितलंस? याला म्हणतात भाषेवर प्रभुत्व."

"पण त्या हसत का होत्या हो?"

"धीर देत होत्या."

संध्याकाळी सरदारजी बाहेरून आले ते थेट आमच्या खिडकीपाशी. "पांडेजी, मुबारकां! पर एना चुपचाप क्यों जी?" मला मुबारकचं नवल वाटलं. मग वाटलं, क्षयबिय काही निघाला नाही म्हणून माणूस अभिनंदन करतोय. आजाराचं नाव स्पष्ट सांगितलेलं बरं, म्हणून मी काचेला तोंड लावून ओरडलो, "डांग्या है, सरदारजी! डांग्या!"

सरदारजींचं हसू मावळलं. "डांग?"

"हाँ, डांग्या!"

(पंजाबीत डांग म्हणजे भली मोठी लाठी. हे मला नंतर कळलं. फार नंतर.)

"किहने?" त्यांनी दाढीवरून हात फिरवत विचारलं. त्यांना विचारायचं होतं 'कुणी?'. मी समजलो 'किती जणांना?'.

"अभी तो एक, पर पाँच-छह भी हो सकते हैं! ऑफिस से आया है!"

सरदारजींनी एकदा फाटकाकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "पांडेजी, तुस्सी फिकर ना करो. असी बैठे हां." आणि ताडताड निघून गेले. मला भरून आलं. परमुलखात असा शेजार मिळायला भाग्य लागतं, असं मी सुलूला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या फाटकाशी खाट टाकून सरदारजी बसलेले, रजा टाकून! सोबत गल्लीतले दोघे जण, आणि तिघांच्या हातांत डोक्याएवढ्या उंच लाठ्या. पोस्टमन आला, त्याला अडवलं. दूधवाला आला, त्याला हटकलं. गॅसचं सिलिंडर घेऊन एक माणूस आला, त्याला तर सिलिंडरसकट उभं करून माझ्या ऑफिसातला कुणी ओळखीचा आहे का, ते विचारलं.

"बघ सुलू, काय शिस्त आहे! आपल्याकडे कोणी फिरकू नये म्हणून पहारा लावला त्यांनी. आपल्या सांगलीत कोणी केलं असतं?"

"अहो, पण लागण काय लाठीनं थांबते?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे."

दुपारी फाटकाला झेंडूच्या माळा लागल्या. सुलू काचेतून बघत राहिली. "आणि आता हे काय?"

"जंतुनाशक असेल. आपल्याकडे कडुनिंब बांधतात, इकडे झेंडू."

तिसऱ्या प्रहरी भिंतीवर लाडवांचं ताट आलं, पिवळाधमक रुमाल घातलेलं. मी सुलूला समजावलं की आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून इकडे लाडू देतात. ते मी खाल्लेही, आणि त्या गोळ्यांनी पोटात आधीच कालवाकालव चाललेली, त्यामुळे पुढचं सांगत नाही. मग भाभीजींच्या घरातून ढोलकी ऐकू यायला लागली. बायका एका सुरात काहीतरी म्हणत होत्या आणि मधूनमधून खिदळत होत्या.

"हेही जंतुनाशक?" सुलूनं विचारलं.

"माझ्यासाठी प्रार्थना चाललीय."

"खिदळून?"

"पंजाबी लोक आनंदी वृत्तीचे असतात," मी म्हणालो आणि विषय बदलला. सुलू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी एकदा भाभीजींशी बोलू का? रोज दुपारी भिंतीवरून बोलतोच की आम्ही." मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. सगळं सुरळीत चाललं असताना तिचं हिंदी मध्ये घालणं मला धोक्याचं वाटलं.

चौथ्या दिवशी बीटवरचा हवालदार आला. त्या काळात चार माणसं लाठ्या घेऊन बसली की हवालदार येणारच. सरदारजींशी त्याचं काहीतरी बोलणं झालं आणि मग तो काचेपाशी आला. "जनाब, पाँच बंदों से ज्यादा इकट्ठे नहीं होने चाहिए. परमिशन लेनी पड़ेगी."

"अरे, मुझे एक भी नहीं चाहिए!" मी जीव तोडून ओरडलो. "किसी को मत आने दो! सिर्फ डॉक्टर आएगा! कल सुबह डॉक्टर आएगा, उसके बाद सब ठीक!"

हवालदारानं सलाम ठोकला, जाताना सरदारजींच्या कानात दोन शब्द सांगितले, आणि मिनिटाभरात भाभीजींच्या घरातून आरोळी आली, "मुंडा डॉक्टर है नी! डॉक्टर!" (मुंडा म्हणजे मुलगा, इथं नवरामुलगा. हेही नंतर कळलं.) त्यापाठोपाठ ढोलकी अशी काही वाजायला लागली की आमच्या कपाटातल्या बश्या हलल्या. मी सुलूला म्हटलं, डॉक्टर येणार म्हणून त्यांना किती हायसं वाटलंय बघ. सुलूनं कपाळावर हात मारला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

पाचव्या दिवशी धुकं लवकर फिटलं. मी खिडकीत येऊन बघतो तो अंगणात लाल खुर्च्या, जवळच्या मनीमाजऱ्याहून आणलेला ढोलवाला, आणि गल्लीतल्या यच्चयावत बायका चमचमत्या ओढण्यांत. हवालदारसुद्धा आला होता, आणि त्याच्या हातात लाडू होता. मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी चुकलंय. पण आपलं चुकलंय असं अजूनही वाटलं नाही. वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा समारंभ आपल्या दारात आलाय!

तेवढ्यात डॉ. टेंबे स्कूटरवरून आले. स्कूटर स्टँडला लावतात न लावतात तोच ढोल कडाडला. सरदारजींनी त्यांना मिठीत उचलूनच घेतलं. गळ्यात एक हार पडला, दोन पडले, तिसरा चष्म्यावरून खाली आला. टेंबे "अरे, पेशंट... पेशंट कुठे..." एवढंच म्हणू शकले आणि कुणीतरी त्यांच्या तोंडात आख्खा लाडू कोंबला. बेसनाचा लाडू तोंडात असताना वैद्यकीय सल्ला देता येत नाही. त्यांनी हातवारे केले, तर दुसरा लाडू आला.

आणि मग मला बाळ दिसलं. भाभीजी पुढे, मागे रूपी, आणि तिच्या हातात गुलाबी शालीत गुंडाळलेलं ते एवढंसं गाठोडं. बाळाचे चाळीस दिवस भरले होते. भाभीजी सगळ्यांना सांगत होत्या, "मुंडे दा पहला पैर शगन वाले घर विच पवेगा!" नातवानं पहिल्यांदा घराबाहेर पडून जायचं ते शुभकार्याच्या घरात. आणि गल्लीतलं शुभकार्याचं घर आमचं! त्यांनी आमच्या उंबऱ्यावर शकुनाचं तेल ओतलं. त्यांच्या हातात आमच्या दाराची जादा किल्ली होती, आम्ही गावाला जाताना त्यांच्याकडे ठेवायचो ती.

टेंब्यांचे शब्द डोक्यात घण घालत होते. श्वासच थांबतो. जीव जातो. मी दाराकडे धावलो, पाठ लावून दार दाबून धरलं. मग लक्षात आलं की मीच तर खोकला! दाराला लागून उभा राहिलो आणि फटीतून गेला म्हणजे? परत खिडकीकडे धावलो. ओरडायला तोंड उघडलं, तर जन्मात आली नव्हती अशी उबळ आली. शब्द एकही फुटेना. मग मी दोन्ही हात वर करून हलवायला लागलो, 'जा, जा, मागे फिरा!' एक पाय आपटला. दुसरा आपटला. बाळाकडे बोट दाखवलं, आभाळाकडे बोट दाखवलं, खांदे उडवले, मान हलवली.

बाहेर एकच जल्लोष झाला. "ओए, पांडेजी भंगडा पा रहे ने!"

ढोलवाला खिडकीखाली आला आणि त्यानं माझ्या उबळीवर ठेका धरला. मी जेवढा कळवळून हात हलवू तेवढा तो जोर करी. सरदारजी लाठी उंचावून माझ्यासमोर नाचायला लागले. हवालदार टाळ्या वाजवत होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते बघून एक बाई दुसरीला म्हणाली, "भरा ए, कुड़ी विदा करनी ए, रोणा तां आऊणा ही ए." म्हणजे, भाऊच तो, बहिणीला सासरी धाडताना रडू येणारच. आणि भाभीजींनी कुलपात किल्ली फिरवली. तो आवाज मी ऐकला.

"सुलूऽऽ!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

सुलू स्वयंपाकघरातून आली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि खिडकीच्या काचेवर लाटणं आपटून ती तिच्या त्या जगप्रसिद्ध हिंदीत ओरडली, "भाभीजीऽऽ! अंदर मत आव! लगन नाही है, कुछ नाही है! इनको काला खासी है! काला खासी! बच्चू को लेके पळ जाव!"

ढोल थांबला.

"काली खंघ?" भाभीजींच्या हातातून किल्ली गळून पडली. दुसऱ्या क्षणाला रूपी बाळासकट आपल्या घरात, दार बंद. तिसऱ्या क्षणाला अंगण रिकामं. एवढी माणसं एवढ्या लवकर कुठं गेली ते मला आजवर समजलेलं नाही. लाल खुर्च्या उरल्या, आणि मधोमध गळ्यात तीन हार घातलेले डॉ. टेंबे दुसरा लाडू गिळायची खटपट करत उभे होते.

लाडू उतरल्यावर ते आमच्याकडे न येता आधी बाळाकडे गेले. हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून. मी काचेला कपाळ टेकून बसलो. सुलू शेजारी बसली. माझ्यामुळे त्या जिवाला काही झालं असतं तर, याच्यापुढे माझा विचार जात नव्हता. बऱ्याच वेळानं टेंबे बाहेर आले आणि हात वर करून ओरडले, "ठणठणीत आहे! दूध पितंय आणि माझ्यावर शू केली!" सुलू रडायला लागली. मला रडता येईना, कारण हसू आलं, आणि हसलो की उबळ यायची.

मग सगळा उलगडा झाला. सरदारजींनी कबूल केलं की पाच-सहा जण डांगा घेऊन लग्न मोडायला येणार आहेत अशीच त्यांची खात्री होती, आणि म्हणून त्यांनी हवालदारालाही विश्वासात घेतलं होतं. 'ऑफिस से आया है' ऐकून माझ्या साहेबावर त्यांचा संशय होता. (साहेब खरंच येणार होते, फाइल मागायला. पण फाटकापासून परत गेले असावेत, कारण त्यानंतर माझ्याशी ते फार नरमाईनं वागायचे.) वंदनाला ही हकीकत कळली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "निदान साडी कोणत्या रंगाची ठरली होती?" आणि तुमच्या मनात आलंच असेल म्हणून सांगतो, तिचं लग्न टेंब्यांशी झालं नाही. टेंब्यांनी त्या दिवसापासून बेसनाचा लाडू आणि लग्न दोन्हींचा काही वर्षं धसकाच घेतला होता.

राहता राहिला प्रश्न, किती दिवस घरात बसायचं. टेंब्यांनी त्या संध्याकाळी मला मोकळं केलं. औषधाचे पाच दिवस पुरे झाले, आता लागण नाही, खुशाल ऑफिसला जा. डॉक्टरांचं म्हणणं ते. पण भाभीजींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते जोवर खोकला ऐकू येतो तोवर माणूस कच्चा, आणि डॉक्टर चार बुकं शिकला म्हणून काय झालं. त्यांचं बरोबर नव्हतं, पण नातू त्यांचा होता, त्यामुळे मी वाद घातला नाही. मी फाटकाशी नुसता खाकरलो तरी पलीकडे बाळाला उचलून आत न्यायची धावपळ व्हायची. ताट भिंतीवर यायचं, पण भाभीजी ते ठेवून पाच पावलं मागं सरायच्या. टेंबे दोन-तीन महिने म्हणाले होते, खोकला पुरे तीन महिने राहिला. सुलू रोज बाळाला खेळवून यायची आणि मला सांगायची, आज हसला, आज कुशीवर वळला. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकायचो. मला फार वाईट वाटायचं, हे लपवत नाही.

बैसाखी उलटल्यावर एका संध्याकाळी भाभीजींनी भिंतीवरून हाक मारली. "पांडेजी, किन्ने दिन हो गए, खंघ नहीं सुणी. आ जाओ." मी हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून गेलो. त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. चांगलं गुटगुटीत झालं होतं. त्यानं माझं बोट घट्ट धरलं आणि बोळकं पसरून हसलं. माझा ऊर भरून आला. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. सरदारजी, रूपी, भाभीजी. आता काहीतरी मनापासून, आणि शुद्ध हिंदीत, बोललं पाहिजे असं मला वाटलं.

"भाभीजी," मी सद्गदित होऊन म्हणालो, "कितना गोंडस बच्चा है! देखकर मेरा ऊर भर आया! इसका जितना लाड-कौतुक करो उतना थोडा ही है!"

घरात शांतता पसरली. सरदारजींनी दाढीवरून हात फिरवला. रूपीनं हळूच बाळ काढून घेतलं. भाभीजी माझ्याकडे बघेनातच, त्या सुलूकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुलू, ए की कह रहे ने?"

आणि माझ्या बायकोनं माझ्या हिंदीचं हिंदीत भाषांतर केलं.